‘रक्तातच आहे’ म्हणण्यापूर्वी

आपल्या मराठीने रक्तावर फार भार टाकला आहे. गाणे कुणाच्या रक्तात असते, व्यापार कुणाच्या रक्तात असतो, आणि हट्ट तर बहुतेक सगळ्याच घराण्यांच्या रक्तात असतो. रक्ताचे नाते असते, रक्ताचे पाणी होते, रक्त आटते, रक्त सळसळते. वर्गात हे वाक्प्रचार शिकवताना माझ्यासारख्या भाषेच्या शिक्षकाला कधी अडचण पडली नाही. अडचण पडते ती लोक त्यांचा अर्थ अक्षरशः घेऊ लागतात तेव्हा. एखादी मुलगी जिना चढून आली की धापा टाकते, खालची पापणी ओढून पाहिली तर आतून पांढुरकी दिसते, तिसऱ्या तासाला तिचे डोके बाकावर टेकते, आणि घरची माणसे अगदी निर्धास्तपणे सांगतात, “आमच्याकडे मुली अशाच असतात. रक्तातच आहे ते.”

मी माळव्यातल्या एका शासकीय शाळेचा मुख्याध्यापक आहे. होळकरशाहीत इकडे येऊन स्थायिक झालेल्या मराठी घरांतल्या मुली आमच्या पटावर थोड्या, बाकीच्या हिंदी घरांतल्या. परंतु या एका वाक्याच्या बाबतीत दोन्ही भाषांचे पूर्ण एकमत आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. हजेरीच्या पुस्तकातली दहा नावे पुकारावीत आणि त्यांतल्या सहांच्या अंगात पुरेसे रक्त नसावे, असा हा हिशेब. देशातल्या निम्म्याहून अधिक मुलींच्या घराण्यात एकच दोष ‘रक्तात’ कसा काय असेल, हा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारीत नाही. ‘रक्तात आहे’ म्हटले की विचार थांबवण्याची सोय होते, आणि आळशी, मंद, अभ्यासात लक्ष नसलेली अशी विशेषणे लावून त्या मुलीची शाळा सोडवण्याचीही सोय होते.

सरकारी योजनेनुसार आठवड्यातून एकदा शाळेत लोह आणि फॉलिक आम्ल यांची निळी गोळी दिली जाते. हल्ली तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते. ही गोळी लोकप्रिय नाही. काहींना मळमळते, शौचास काळे होते, आणि त्या काळेपणाभोवती अफवांचे जे रान माजते ते वेगळेच. गेल्या वर्षी एक आजी आपल्या नातीला घेऊन माझ्याकडे आल्या. पदराच्या गाठीतली निळी गोळी सोडून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

“मास्तर, ही तुमची गोळी परत घ्या. पोरीला मळमळतं. आणि उपयोग काय हो तिचा? माझी आई अशीच होती, मी अशीच, हिची आई अशीच. खाण तशी माती. गोळीनं का कुठं खाण बदलते?”

“आजी, खाण कुणी पाहिली आहे का?” मी विचारले.

“पाहायला कशाला पाहिजे? माती दिसतेय की समोर!”

युक्तिवाद बिनतोड होता. मी विषय बदलून विचारले, “तुमच्या घरी बायका जेवतात केव्हा?”

“सगळ्यांचं झाल्यावर. तुमच्याकडे काय आधी बसतात?”

चार पिढ्यांनी एकमेकींना दिले ते रक्त, की तळ लागलेल्या पातेल्यातले उरलेसुरले वरण, हा संशय येण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नव्हती. आमच्या विज्ञानशिक्षिकांनी पाठपुरावा केला, घरच्यांनी तपासणी करून घेतली, आणि मुलीचे हिमोग्लोबिन आठाच्या जवळपास व रक्तातील फेरिटिन फारच कमी निघाले. म्हणजे लोहाची उणीव, दुसरे काही नाही. तरीही आजींचा प्रश्न मला पुरता सोडीना. खाण गोळीने बदलत नाही हे तर खरेच. मग गोळी नेमके काय बदलते?

माझी एक भाची जीवरसायनशास्त्राची अभ्यासक आहे. पुढे जे लिहीत आहे ते तिच्याशी झालेल्या बोलण्यावरून आणि तिने वाचायला लावलेल्या मजकुरावरून. भाषेच्या माणसाला त्यात इतके ओळखीचे भेटेल असे वाटले नव्हते.

शालेय पुस्तकांत एक सरळ आकृती असते: डी.एन.ए.पासून आर.एन.ए., आर.एन.ए.पासून प्रथिन. जनुके म्हणजे पेशीकेंद्रात जपून ठेवलेली मूळ पोथी. तिच्यातल्या हव्या त्या पानाची नक्कल म्हणजे संदेशवाहक आर.एन.ए.; ती नक्कल केंद्राबाहेर येते, रायबोसोम नावाची यंत्रणा ती वाचते आणि वाचता वाचता प्रथिन गुंफते. या संदेशवाहकाचे अस्तित्व १९६१ साली प्रयोगाने सिद्ध झाले. आकृती खरी आहे, पण तिच्यातले बाण फार मोकळे आहेत. डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत पोथी तीच असते, प्रथिने घडवणारी सुमारे वीस हजार जनुके तीच असतात. तरी डोळा डोळा राहतो आणि यकृत यकृत राहते. याचे कारण, पोथीत काय लिहिले आहे याइतकेच कोणते पान केव्हा उघडायचे आणि उघडलेल्या पानाच्या नकलेचे पुढे काय करायचे यालाही महत्त्व आहे. ही नक्कल पेशीत एकटी कधीच नसते. ती तयार होत असतानाच तिला निरनिराळी प्रथिने येऊन बिलगतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणनेप्रमाणे माणसाच्या पेशींत आर.एन.ए.ला बिलगणारी अशी सुमारे दीड हजार प्रथिने आहेत.

जुन्या दप्तरांतले मोडी कागद ज्यांनी हाताळले आहेत त्यांना याचे नवल वाटू नये. धन्याने मजकूर सांगितला एवढ्याने पत्राचे काम होत नसे. कुणी त्यातला पाल्हाळ काढी, कुणी शिक्का उठवी, कोणत्या ठाण्यावर धाडायचे ते कुणी ठरवी, जासूद ते घेऊन जाई, आणि तिकडचा एखादा धूर्त कारभारी ते वाचण्यापूर्वी चार दिवस फडताळात ठेवून देई. हुकूम धन्याचा, पण तो केव्हा, किती आणि मुळात अमलात येणार की नाही, हे या मधल्या माणसांच्या हाती. पेशीतील ही दीड हजार प्रथिने अशीच मधली माणसे आहेत.

त्यांतल्या एकाचा आमच्या निळ्या गोळीशी सरळ संबंध आहे. तो कळण्यासाठी लोहाचा स्वभाव आधी ध्यानात घ्यावा लागतो. प्रौढ माणसाच्या शरीरात सारे मिळून तीन-चार ग्रॅम लोह असते, म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी खिळ्याइतके. त्यातले सुमारे दोन तृतीयांश रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये. ते नसेल तर प्राणवायू वाहून नेता येत नाही. पण हेच लोह पेशीत मोकळे सुटले तर घातक ठरते. पावसाळ्यात विळीला गंज चढवणारी प्राणवायूशी त्याची जी सलगी, तीच पेशीच्या आत नासधूस करते. म्हणून आलेले जादा लोह पेशी एका कोठीत बंद करून ठेवते. या कोठीचे नाव फेरिटिन. चोवीस तुकड्यांनी बनलेला हा पोकळ गोल. त्यात साडेचार हजारांपर्यंत लोहाचे अणू मावतात. लाउफबर्गर या चेक शास्त्रज्ञाने १९३७ साली घोड्याच्या प्लीहेतून ते प्रथम वेगळे काढले. दुसरीकडे, बाहेरचे लोह आत घेण्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावर दारे असतात. रक्तातून लोह वाहून आणणाऱ्या ट्रान्सफेरिनला ओळखून आत घेतात ती ही दारे. शास्त्रीय भाषेत ट्रान्सफेरिन ग्राहक. घर चालवणाऱ्या बाईला पुढचे सांगण्याची गरज नाही. धान्य भरपूर आले तर कोठ्या हव्यात, आणि आणखी गाड्या दाराशी यायला नकोत. दुष्काळ असेल तर मिळेल त्या दाराने धान्य आत यायला हवे, आणि रिकाम्या कोठ्या बांधत बसण्यात अर्थ नाही.

हे तारतम्य पेशी कसे राखते, याचा शोध पांढऱ्या उंदरांपासून लागत गेला. १९६०च्या दशकात हॅमिश मन्रो यांच्यासारख्या संशोधकांच्या लक्षात आले की उंदराला लोह दिले की त्याच्या यकृतात फेरिटिन भराभर वाढते. आणि नवा आर.एन.ए. तयार होणे औषधाने बंद पाडले तरीही ते वाढतेच! नवे पत्र लिहायला मनाई केली, तरी हुकमाची तामिली चालूच. याचा अर्थ, पत्रे आधीच लिहून ठेवलेली होती. १९७६ साली मन्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच विचार नीट मांडला: फेरिटिनचे संदेश पेशीत तयार असतात, आणि लोह येईपर्यंत त्यांना कुणीतरी अडवून धरलेले असते. अडवण्याची जागा १९८७ साली सापडली. संदेशाच्या आरंभी, प्रथिनाचा मजकूर सुरू होण्याच्या आधी, सुमारे तीस अक्षरांचा एक तुकडा स्वतःवरच दुमडून केसांत खोचायच्या आकड्यासारखा उभा असतो. त्या आकड्याला घट्ट धरणारे प्रथिनही लवकरच हाती लागले. आणि १९८८ साली असे दिसले की तसेच आकडे दाराच्या संदेशावरही आहेत. एक नव्हे, पाच. मात्र ते आरंभी नसून शेवटी, मजकूर संपल्यानंतरच्या शेपटीत आहेत.

मला सर्वांत मौज वाटली ती इथे. प्रथिन एकच, खूणही एकच. पण कोठीच्या संदेशाच्या डोक्यावर ते बसले की रायबोसोमला वाचनाचा आरंभच करता येत नाही; कोठी घडत नाही. दाराच्या संदेशाच्या शेपटीवर बसले की त्या संदेशाचे तुकडे करू पाहणाऱ्या विकराची वाट अडते. संदेश जास्त काळ टिकतो, पुन्हा पुन्हा वाचला जातो, दारे वाढतात. एकाच हाताने एकाला रोखले आणि दुसऱ्याला राखले. मराठीत आपला ‘ना’ हेच करतो. क्रियापदाआधी आला की नकार: ‘ना खाते, ना पिते’. क्रियापदामागून आला की आर्जव: ‘खा ना, पी ना’. अक्षर तेच, जागा बदलली की घरातले वातावरण बदलते. व्याकरणाच्या तासाला मी हे उदाहरण कित्येक वर्षे देत आलो. पेशीच्या व्याकरणातही ते चालते हे आता कळले.

हे प्रथिन म्हणजे लोहनियंत्रक प्रथिन. तुटवडा असेपर्यंत त्याची पकड घट्ट. लोह आले की काय होते ते आणखी विलक्षण आहे. या प्रथिनाचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात लोहाचे चार आणि गंधकाचे चार अणू यांचा एक पुंजका येऊन बसतो. तो बसला की प्रथिनाचा आकार असा मिटतो की आकडा धरताच येत नाही. आणि मग ते प्रथिन रिकामे राहते म्हणावे तर तेही नाही: ते अकॉनिटेज नावाचे विकर होऊन सायट्रेटचे आयसोसायट्रेट करण्याच्या कामाला लागते. पूर्वी लहान गावांत शाळामास्तरच पोस्टमास्तर असत. टपालाची थैली आली की मास्तर चष्मा बदलून पत्रे हाताळीत, थैली गेली की पुन्हा पाढे म्हणवून घेत. त्यांतलाच हा प्रकार. दुसऱ्या प्रकाराच्या प्रथिनाला असा जोडधंदा नाही. लोह विपुल झाले की पेशी त्याला मोडीतच काढते. त्याला मोडीत काढणारा घटक लोहाची चाहूल स्वतःच कसा घेतो, हे २००९ साली उलगडले. उंदरांच्या बाबतीत दोन्ही प्रकार जन्मतः नसतील तर गर्भ आईच्या पोटात रुजण्याच्या सुमारासच नष्ट होतो, इतके हे काम कळीचे.

तांबड्या पेशी जिथे घडतात त्या अस्थिमज्जेतही हे प्रथिन आहे. हिमोग्लोबिनचा लोह धारण करणारा भाग म्हणजे हीम. तो घडवण्याची पहिली पायरी ज्या विकराच्या हाती, त्याच्या संदेशाच्या डोक्यावरही तोच आकडा आणि तोच हात. लोह नाही तर हीमचे रिकामे सांगाडे करून ठेवायचे कशाला? म्हणून काम रोखले जाते. तेव्हा रक्तक्षय झालेल्या मुलीचा फिकटपणा हा बिघाडाचा जितका, तितकाच पेशीच्या काटकसरीचा रंग असतो. त्या नातीच्या पेशी नादुरुस्त नव्हत्या. कोठीचे संदेश लिहून तयार होते, हीमचे संदेश लिहून तयार होते, आणि दारे तर वाढवून ठेवलेली होती. लोहाच्या अभावी दारे वाढतात त्याची खूण प्रयोगशाळेत रक्त तपासूनही दिसते. खाण उत्तम होती. संदेशावरचा हात उचलला जाण्यासाठी जी वस्तू लागते तेवढीच ताटात येत नव्हती, आणि जी थोडीफार येत होती ती दरमहा वाहून जात होती.

आजींची बाजू अगदीच लंगडी आहे असे मात्र नाही. काही रक्तक्षय खरोखरच पोथीतले असतात. थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे हिमोग्लोबिनच्या जनुकांतले दोष आहेत. सिकलसेल मध्य प्रदेशात आणि विदर्भात, विशेषतः आदिवासी समाजांत, पुष्कळ आढळतो, आणि त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ च्या जुलैत शहडोलहूनच सुरू झाली. थॅलेसेमियाच्या रुग्णाला वारंवार रक्त द्यावे लागते, त्यातून अंगात लोह साचते, आणि तिथे तपासणीवाचून लोहाच्या गोळ्यांचा मारा करणे अपायकारक ठरते. ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावानेही रक्त कमी होते, आतड्यातल्या हुककृमींनीही होते. ‘रक्तातच आहे’ हे विधान कधीच खरे नसते असे माझे म्हणणे नाही. ते तपासल्यावाचून केले जाते, ही माझी तक्रार आहे.

आणि आनुवंशिकता जिथे निर्विवाद आहे तिथेही ती कुठे बसलेली असेल याचा नेम नाही. १९९५ साली फ्रान्स आणि इटलीतील संशोधकांनी अशा काही कुटुंबांची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांत पिढ्यानुपिढ्या तरुणपणीच मोतीबिंदू होत होता आणि रक्तात फेरिटिन भरमसाट वाढलेले होते. अंगात लोह मात्र जास्त नव्हते. फेरिटिनचे प्रमाण पाहून शरीरात लोह साचले आहे असे समजून यांच्यासारख्या काही रुग्णांचे रक्त काढण्याचे उपचार झाले, आणि त्या बिचाऱ्यांना उलट रक्तक्षय झाला. दोष निघाला तो फेरिटिनच्या मजकुरात नव्हे, तर मजकुराआधीच्या त्या आकड्यात. एखादे अक्षर बदललेले, त्यामुळे लोहनियंत्रक प्रथिनाची पकड बसत नाही आणि कोठ्या गरज नसताना घडतच राहतात. प्रथिन निरोगी, फेरिटिनही निर्दोष. बिघडली ती फक्त हात ठेवण्याची जागा. घराण्याचा वारसा एका वेलांटीत असावा तसे हे.

लोहाबाहेरचे क्षेत्र तर अफाट आहे. त्यातल्या एकाच मधल्या माणसाविषयी शिक्षक म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही. बुद्धीची वाढ मंदावणाऱ्या एका आनुवंशिक विकाराचे नाव फ्रॅजाइल एक्स. त्याचे जनुक १९९१ साली सापडले. त्यात तीन अक्षरांचा एक गट पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो. सामान्यतः तीसएक वेळा. ही पुनरावृत्ती दोनशेच्या पुढे गेली की जनुक मुके होते आणि त्यातून निघणारे प्रथिन मिळत नाही. हे प्रथिनही आर.एन.ए.ला बिलगणारेच. मेंदूतल्या चेतापेशी जिथे एकमेकींना जोडलेल्या असतात त्या टोकांशी काही संदेश आणून ठेवलेले असतात. योग्य क्षण येईपर्यंत त्यांचे वाचन रोखून धरणे हे त्याचे एक मुख्य काम. ते नसेल तर संदेश अवेळी, अमर्याद वाचले जातात. मला हे उलटे वाटले होते. शिकण्यासाठी उत्तेजन लागते एवढेच आम्ही शिक्षक समजतो. संयमाचेही एक प्रथिन लागते, हे बी.एड.च्या वर्गात कुणी सांगितले नव्हते. सुमारे चार ते सात हजार मुलग्यांमागे एकाला हा विकार असतो. नजरेला नजर न देणे, तेच तेच बोलत राहणे, गोंगाटाने बावरून जाणे, या गोष्टी प्रथम वर्गशिक्षकालाच दिसतात, आणि ‘मठ्ठ’ हा शब्द फार चटकन ओठांवर येतो. पुनरावृत्ती आईकडून मुलाकडे येताना वाढते, त्यामुळे घरात बोलणी त्या आईला बसतात. रक्ताची तपासणी उपलब्ध आहे. मुळापासून बरे करणारे औषध आज नाही.

औषध अजिबात संभवतच नाही असे मात्र नाही. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी या विकारात लहान मुलांचे स्नायू दुबळे होत जातात. त्यात एक जनुक गमावलेले असते आणि त्याची जवळजवळ हुबेहूब दुसरी प्रत शरीरात असूनही कामाला येत नाही, कारण एका अक्षराच्या फरकाने, नक्कल साफ करतानाच्या कापाकापीत तिच्यातला एक आवश्यक तुकडा बहुधा गळून जातो. तो तुकडा गाळायला लावणारी काही प्रथिने संदेशावर जिथे बसतात, नेमकी तीच जागा अडवून बसणारे नुसिनर्सेन नावाचे औषध अमेरिकेत २०१६ च्या डिसेंबरात मान्य झाले. खाण तीच, माती वेगळी. किंमत मात्र अशी आहे की सामान्य घराने ती ऐकूही नये.

आपली निळी गोळी सरकार फुकट देते. तिच्याबद्दल दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. आतड्यातून किती लोह आत घ्यायचे यावर यकृतातून निघणाऱ्या हेप्सिडिनचा पहारा असतो, तो अध्याय निराळा. पण घरातल्या स्वयंपाकाचाही त्यावर अंमल चालतो. लिंबू-आवळ्यातल्या क जीवनसत्त्वाने शाकाहारी अन्नातले लोह अधिक शोषले जाते, आणि जेवणाला लागून घेतलेल्या चहाने ते अडते. पोह्यांवर लिंबू पिळण्याची आमच्या इंदूरकडची रीत उत्तम. त्याच बशीशेजारी चहाचा पेला ठेवण्याची रीत तितकी उत्तम नाही. लोखंडी कढईत आणि तव्यावर केलेल्या पदार्थात थोडे लोह उतरते, आंबट पदार्थात जास्त. बाळंतिणीसाठी अळिवाचे लाडू करणाऱ्या आपल्या आज्यांना हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण अळिवात लोह भरपूर असते. ते लाडू बाळंतपणाची वाट न पाहता चौदा वर्षांच्या मुलीलाही द्यायला हरकत नसावी.

दुसरी गोष्ट धीराची. डॉक्टरांनी उपचाराची रोजची गोळी दिली असेल तर काही आठवड्यांत हिमोग्लोबिन चढू लागते, चेहऱ्यावर तजेला येतो, आणि घरचे गोळी बंद करतात. परंतु शरीर आलेले लोह आधी रक्तासाठी वापरते. कोठीच्या संदेशावरचा हात पुरता उचलला जातो तो त्यानंतर, उरलेल्या लोहावर. म्हणूनच हिमोग्लोबिन ठीक झाल्यावरही पुढे सुमारे तीन महिने गोळी चालू ठेवायला सांगतात. त्या नातीच्या घरी हे पाळले गेले. आजींचे मत बदलले आहे असे त्या कबूल करीत नाहीत. नातीला आता गोळी जेवणानंतर देतात म्हणून मळमळत नाही, एवढेच त्या म्हणतात. शाळेतल्या गोळीचा दिवस ठरलेला आहे. त्या दिवशी डबा रिकामा केल्याशिवाय गोळी घ्यायची नाही असा नियम आम्ही केला आहे, गोळी शिक्षिकाही मुलींसमोरच घेतात, आणि त्या दिवसापुरता शिक्षकांच्या खोलीतला चहा मधल्या सुटीत न येता तासाभराने येतो.